पाठमोरी तसबीर

कुणाकडे जायचं म्हटलं की आमच्या ह्यांना दोनच गोष्टी लागतात: इस्त्रीचा शर्ट आणि पणजोबा. शर्ट मी देते. पणजोबा ते स्वतःच काढतात.

पणजोबा म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीतली जुनी तसबीर. जाड लाकडी चौकट, आत आरमाराचा सेनापती: छातीवर पदकं, काखेत दुर्बीण, मागे पेटलेलं जहाज. सेनापती आपल्याच घराण्यातला, असं ह्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. ‘नाक अगदी तेच,’ असं सासूबाई म्हणायच्या. मला काही ते दिसलं नाही, तेव्हा दोष माझ्या डोळ्यांना लागला. ह्यांनी जन्मभर गोदामात गोण्या मोजल्या. साहेबाने झापलं की घरी येऊन मुकाट तसबिरीसमोर उभे राहायचे, आणि ताट वाढेपर्यंत मान पुन्हा ताठ व्हायची. मी चिडवायचे, पण तसबिरीची काच मात्र रोज पुसायचे.

काल लेकीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा गेलो. लेक सारखी टाळत होती. हॉटेलात भेटू म्हणे, बागेत भेटू म्हणे. मला वाटलं, पोरीला आपल्या तोंडाळ आईची लाज वाटते, आणि मी मनातून तिच्यावर धुसफुसतच जिना चढले.

होणारे व्याही दातांचे डॉक्टर, विहीणबाई शाळेत शिकवतात. माणसं गोड. चहा यायच्या आत पणजोबा आले. हे वादळ, तोफा, सगळं हातवारे करून सांगत होते आणि ती दोघं इतकं मन लावून ऐकत होती की मलाच नवल वाटलं. आमच्याकडे कुणी इतकं ऐकत नाही.

मी हात धुवायला आत गेले. आतल्या खोलीत दारामागे एक चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. परक्या घरात वस्तूंना हात लावू नये, हे मला कळतं. तरी मी ती वळवली.

पणजोबा! तीच पदकं, तीच दुर्बीण, तेच पेटलेलं जहाज. फक्त आमच्याकडे चौकटीखाली दबलेली खालची पट्टी इथे उघडी होती. तिच्यावर सेनापतीचं नाव छापलेलं, आमच्या आडनावाशी सुतराम संबंध नसलेलं, आणि त्याखाली छापखान्याचं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथे घरोघरी पणजोबा निघाले.

हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मागून लेक आली. “आई, ठेव ते.”

“ही इथे का ठेवलीय?”

“हॉलमध्ये होती. इथल्या आजोबांनी जुन्या बाजारातून आणलेली. मीच काढायला सांगितली, बाबा येणार म्हणून.”

“म्हणजे बाहेर सगळ्यांना...”

“बाबांना वाईट वाटू नये गं.” तिचे डोळे भरून आले होते. “मला कसंतरीच वाटत होतं हे सांगताना.”

लाजेने माझे कान तापले. म्हणजे ती माणसं ऐकत नव्हती, सांभाळून घेत होती. जणू आजारी माणसाला सांभाळावं तसं माझ्या नवऱ्याला.

बाहेर आले तर हे रंगात आलेले. “अगं, बरी आलीस! बुडत्या शत्रूला पणजोबांनी कसं वाचवलं, ते तू सांग. मी सांगितलं की लोकांना बढाई वाटते.”

विहीणबाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कुठून आले ते त्यांना कळलं होतं. व्याही चष्मा पुसायला लागले. मी खरं एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. आणि आमचे हेही.

मी बसले आणि सांगितलं. पणजोबांनी उडी कशी घेतली, शत्रूला केसांना धरून वर कसं ओढलं, सगळं. इतक्या वर्षांत मी ते एकदाही सांगितलं नव्हतं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं वाटत होतं, पण आवाज मी पडू दिला नाही.

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “आता तुम्ही आमच्याकडे या,” ते व्याह्यांना म्हणाले. “पणजोबांना प्रत्यक्षच बघा!”

“नक्की येऊ,” व्याही खाली बघत म्हणाले.

लेक उठून कपबशा गोळा करायला लागली. चहा अजून कुणाचाच संपला नव्हता.