चौपट वेगाचं ठिगळ

दादाला ऐकण्याची किती घाई असते, हे त्याच्या धाकट्या बहिणीइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्याला जन्मापासून दिसत नाही, पण कान असे की पलीकडच्या खोलीत कुणी कुजबुजलं तर हा इकडून उत्तर देणार. कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात तो मुद्रितं तपासतो. संगणक त्याला मजकूर वाचून दाखवतो, तोही साध्या बोलण्याच्या चौपट वेगानं. शेजारी बसणाऱ्याला ते पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं वाटतं. दादा मात्र मध्येच थांबवून म्हणतो, "इथे एक शब्द राहिलाय." आणि तो राहिलेला असतोच. या गोष्टीचा त्याला गर्व आहे आणि तो लपवायच्या भानगडीत तो कधी पडत नाही.

हा वाचून दाखवणारा प्रोग्राम बहिणीनं लिहिलेला. सगळा नव्हे हं. प्रत्यक्ष आवाज काढण्याचं काम एक फुकटची लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडता येणारा तयार कोड, करते. दूर कुठेतरी बसलेल्या चार लोकांनी ती बनवलीये, कुणीही वापरावी अशी. बहीण त्यांना 'वरचे' म्हणायची. त्यांनी वरून पाणी सोडलं की आपल्या नळाला येणार, असा हिशेब. पण वरच्यांनी वेगाला दुपटीवर कुंपण घातलेलं. मग बाईसाहेबांनी काय करावं? त्यांना विचारायचं सोडून त्यांचाच कोड उघडला, त्यात आपलं ठिगळ लावलं, चौपट वेग मिळवला आणि लायब्ररीची ती आवृत्ती कुलूप घालून तशीच ठेवली. नवी आवृत्ती घेतली असती तर ठिगळ पुसलं गेलं असतं. वरचे पुढे पुढे गेले, ही जागची हलली नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावा? निम्म्या जगाचा कारभार याच तत्त्वावर चालतो म्हणा.

आणि मग चालेनासं झालं. प्रकाशनानं नवे संगणक मागवले आणि दादाच्या टेबलावरचा सोमवारी बदलणार असं ठरलं. नव्या संगणकावर जुनी आवृत्ती उघडतच नव्हती, आणि नवी आवृत्ती दुपटीच्या पुढे जात नव्हती. म्हणजे दादाचं काम निम्म्यावर. मालकांनी तर आधीच गोड बोलून सुचवलं होतं, "नाही जमलं तर फोनच्या टेबलावर बसा. त्यात काय एवढं?"

त्या संध्याकाळी दादा जेवला नाही. "लोकांच्या चुका काढण्यात हयात गेली माझी," तो म्हणाला, "आता 'कोण बोलतंय' विचारत बसू?" त्याचा आवाज कापला. बहिणीनं तो कापताना आजवर कधी ऐकला नव्हता.

ती कामाला लागली. एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी मारली तर कुठे काय मोडलं ते कळणार नाही, म्हणून ती एकेक आवृत्ती चढत गेली. ठिगळ लावायचं, दादाला ऐकवायचं, पुढची घ्यायची. दादा मान तिरकी करून बसलेला. "ठीक. पुढे. ठीक. पुढे." सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग त्यानं हात वर केला.

"शब्दांची शेपटं खातंय हे."

"म्हणजे?"

"शेवटचं 'नाही' अर्धंच येतंय. 'आरोपी दोषी ना.' कायद्याच्या पुस्तकात हे माझ्या हातून सुटलं तर निर्दोष माणूस आत जायचा, बाई."

बहिणीनं वरच्यांचा कोड उघडला. या आवृत्तीत त्यांनी आतली सगळी मांडणीच बदललेली. तिनं डोळ्यांत तेल घालून शोधलं, पण हाती काही लागलं नाही.

"ज्यांनी लिहिलंय त्यांना विचार की," दादा म्हणाला.

"ते कशाला आपल्याला उत्तर देतील?"

"कधी विचारलंयस?"

विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना एक ओळ लिहिली नव्हती. आपलं ओबडधोबड ठिगळ चव्हाट्यावर मांडायची तिला लाज वाटायची, खरी गोष्ट ही. ती लाज गिळून तिनं सगळं पाठवून दिलं.

त्या चौघांपैकी लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाचं उत्तर तासाभरात आलं. इंटरनेटवर तो 'घुबड' या नावानं वावरायचा. "ठिगळ नीट लिहिलंय," त्यानं कळवलं, "पण चौपट वेगातलं बोलणं माणसाला समजतच नाही. कुणालाच उपयोग नसलेली गोष्ट आम्ही का सांभाळायची?"

दादा एकदम ताठ बसला. "फोन लाव त्याला."

स्क्रीनवर विस्कटलेल्या केसांचा, जांभया देणारा एक गृहस्थ आला. दादानं नमस्काराला फाटा दिला. "काहीही लावा. मी कधी ऐकलं नसेल असं."

घुबडानं तिचं ठिगळ लावून आपल्याच लायब्ररीच्या माहितीतला एक उतारा चौपट वेगानं सोडला. तडतड तडतड झालं आणि संपलं. दादानं घसा साफ केला आणि तो उतारा पहिल्या वाक्यापासून म्हणायला लागला. जिथे जिथे शेपूट खाल्लं होतं तिथे तिथे थांबून "हे गेलं" असंही सांगितलं. शेवटी वर म्हणाला, "तिसऱ्या वाक्यात एक शब्द दोनदा पडलाय. काढून टाका."

घुबडानं वाकून पाहिलं. "अरे, खरंच की." मग तो मनापासून हसला. "मी स्वतः दुपटीत गोंधळतो, म्हणून तिथे कुंपण घातलं होतं."

"आपल्या कानांच्या मापानं लोकांचे कान मोजू नयेत."

बहिणीनं टेबलाखालून दादाला लाथ मारली. पण घुबडाला राग आलाच नव्हता, त्याची झोप मात्र पार उडाली होती. "शेपटं कोण खातं ते मला माहीत आहे," तो म्हणाला. शब्द संपताना आवाज बारीक होतो, आणि नव्या आवृत्तीत तो बारीक आवाज शांतता समजून छाटला जात होता. वेग वाढवला की कात्री शब्दातच शिरायची. मग काय, बहीण वेगाप्रमाणे कात्री आवरेल असा कोड लिहायची, घुबड तपासायचा आणि दादा नापास करायचा. "अजून खातंय. अजून. थांब. परत लाव." त्यानं पुन्हा ऐकलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की बहिणीला उत्तर विचारायची गरजच राहिली नाही.

घुबडानं ते ठिगळ मूळ लायब्ररीत घेतलं आणि रविवारी नवी आवृत्ती सोडली. त्याखाली अनोळखी लोकांचे निरोप येऊ लागले. एक शिक्षिका, एक वकिलीचा विद्यार्थी, एक आजोबा. सगळ्यांनी आपापल्या घरी गुपचूप असलंच ठिगळ लावून जुनी आवृत्ती धरून ठेवली होती. बहीण ते निरोप मोठ्यानं वाचत गेली आणि वाचता वाचता रडायला लागली. आनंदानंच, पण भरपूर. "आता कुणालाच ठिगळ लागणार नाही, दादा. मलासुद्धा नाही." तिनं आपली कुलूप घातलेली आवृत्ती कायमची पुसून टाकली.

सोमवारी ती त्याच्यासोबत प्रकाशनात गेली. इतर कुणीही बसवतं तशी नवी आवृत्ती तिनं नव्या संगणकावर बसवली, वर एक अक्षरही न लिहिता. दादानं कानाला हेडफोन लावले आणि मान तिरकी केली. थोड्या वेळानं मालक येऊन टेबलाशी उभे राहिले.

"काय, जमतंय का? नाहीतर फोनचं टेबल आहेच."

दादानं एक बोट वर करून त्यांना थांबवलं. पान संपेपर्यंत थांबवलं. मग हेडफोन एका कानावरून सरकवला.

"जामिनाच्या कलमात 'नाही' हवं होतं, ते छापलंच नाही," तो म्हणाला. "आणि फोनसाठी दुसरं कुणीतरी बघा, मालक. मी कामात आहे."