रविवारी चारलाच

बाईंनी राउटर भिंतीवरून उतरवला, उलटा करून मागचा नंबर मोबाइलवर टिपून घेतला आणि तो पुन्हा खिळ्याला अडकवला. मग जिन्यातल्या डबीपासून घरात आलेली वायर बोटांनी चाचपत त्या दोनदा आत-बाहेर करून आल्या. लाइन ठणठणीत होती. इंटरनेट कंपनीकडून तक्रार बघायला आलेल्या त्या चौथ्या. आधीच्या तिघांनीही हेच सांगितलं होतं आणि मास्तरांची सही घेऊन काढता पाय घेतला होता.

"काका, नेट नक्की कधी जातं?"

"रविवारी. चारला."

"फक्त रविवारी?"

"बाकीच्या दिवशी मला ते लागतंय कशाला?"

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. चाळीस वर्षं लोकांचे खांदे मोजून आता दुकान बंद केलेले, घरात एकटे. लेक समुद्रापलीकडे एका इस्पितळात नर्स होती. दर रविवारी बरोबर चारला ती टॅबवर दिसायची आणि गेले तीन महिने 'बाबा, कसे आहात' इथपर्यंत गाडी आली की चित्र अडकायचं. अर्धवट उघड्या तोंडाची लेक मास्तर दहा-दहा मिनिटं तशीच बघत बसायचे. पुन्हा फोन, पुन्हा तेच. परवाच्या रविवारी ती म्हणाली होती, "राहू द्या बाबा, दमलेय. पुढच्या वेळी बघू." ते 'बघू' दोन दिवस मास्तरांच्या डोक्यातून जात नव्हतं. आधी एखादा रविवार चुकून जातो, मग सवयीने जातो. जुनी गिऱ्हाइकं अशीच तुटलेली त्यांनी पाहिली होती.

"मग असं करा," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या, "आज मंगळवार आहे हे विसरून जा. रविवारी चारच्या आधी जे काय करता ते सगळं आत्ता करा. मी इथे नाहीच असं समजा."

"सगळं?"

"बारीकसारीकसुद्धा. एका घरी मायक्रोवेव्ह लावला की नेट जायचं. कळायला दोन महिने लागले."

मास्तर जरा घुटमळले. मग आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून आले. कोचावरचं अंथरूण गोळा करून त्यांनी आतल्या खोलीत भिरकावलं. दोन कप काढले. सकाळचा उरलेला चहा दोन्हींत घोटभर ओतला, गोल फिरवून मोरीत टाकून दिला आणि तळाशी डाग राहिलेले ते कप टेबलावर समोरासमोर ठेवले. पलीकडची खुर्ची, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी, जराशी तिरकी केली.

इथे नसलेल्या बाईंना राहवलं नाही.

"हे कशाला?"

"शेजारचे गप्पा मारायला येतात, असं सांगितलंय तिला." मास्तर कपाटामागे वायर शोधत होते. "म्हणजे, आले होते."

"कधी?"

"मागे एकदा."

वायर सापडली. ती त्यांनी बटणाशेजारी खोचली, तसा कपाटावर ठेवलेल्या गोल पांढऱ्या कॅमेऱ्यात पिवळा दिवा लागला.

"हा एरवी चालू नसतो?"

"नको वाटतं. जाताना तिने बसवून दिला, लक्ष राहावं म्हणून. पण दिवसभर मी बनियनवर. जेवतो तेही ओट्याशी उभ्याने, पातेल्यातूनच. ते काय दाखवायचं? रविवारी पावणेचारला लावतो, म्हणजे फोनच्या आधी डोकावली तर घर नीट दिसतं."

तोवर बाईंनी स्वतःच्या मोबाइलवरून मास्तरांच्या टॅबला व्हिडिओ कॉल लावला होता. टॅबवर त्यांचा चेहरा हलत होता. अर्ध्या मिनिटाने तो एका डोळ्याची पापणी मिटलेल्या अवस्थेत अडकला.

"सापडला चोर," बाई खूश होऊन म्हणाल्या. "घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. लेकीने कॅमेऱ्याला कायमचा सात नंबर बांधून दिलाय. तीन महिन्यांपूर्वी राउटर बदलला ना? नव्याला ते ठाऊकच नाही. कॅमेरा बंद, म्हणजे सात नंबर मोकळा, असं समजून तो टॅबला देऊन टाकतो. मग रविवारी तुम्ही कॅमेरा लावता आणि दोघं सात नंबरसाठी भांडतात."

"एकाच नंबरची चिठ्ठी दोन कापडांना," मास्तर म्हणाले. दुकानात एकदा असं होऊन भलत्याच माणसाचा कोट भलताच माणूस घालून गेला होता. "म्हणजे मीच करत होतो."

"तुम्ही घर आवरत होता. आधीच्या लोकांनी कॅमेऱ्याचं विचारायला हवं होतं."

बाईंनी सात नंबर कॅमेऱ्याच्या नावावर राखून ठेवला आणि टॅबला दुसरा मिळवून दिला. कॅमेरा नीट चालतोय ना, हे बघायला त्यांनी टॅबवर त्याचं अ‍ॅप उघडलं. खोली दिसली, टेबल दिसलं. मग त्यांचं बोट थांबलं.

"काका, यात नोंद राहते. कुणी कधी कॅमेरा उघडला त्याची."

त्यांनी टॅब मास्तरांकडे वळवला. तारीख, वेळ, लेकीचं नाव, आणि पुढे 'कॅमेरा बंद आहे'. काल दीड वाजता. शनिवारी दीड वाजता. शुक्रवारी एक पस्तीसला. बाई यादी वर सरकवत राहिल्या. ती संपेना.

"त्या वेळी ती ड्यूटीवरून घरी येते," मास्तर हळूच म्हणाले. "रात्रपाळी करून. तिकडे तेव्हा सकाळ असते."

बाईंनी दोनच तर हत्यारं काढली होती, पण ती पिशवीत ठेवायला त्यांनी बराच वेळ लावला.

"पुसून टाकू का ही यादी?"

"नको. राहू द्या." सही करता करता मास्तरांनी विचारलं, "बघत असली तर इकडे कळतं का?"

"दिवा हिरवा होतो. कॅमेरा आता काढू नका हं, काका."

बाई गेल्या तेव्हा सव्वा वाजला होता. मास्तरांनी शर्ट उतरवून हँगरला लावला. मग बनियनवरच ते कॅमेऱ्याच्या वायरपाशी गेले, बटणावर बोट ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि परत फिरले.

मग त्यांनी ताट घेतलं. पातेल्यातलं नीट वाढून घेतलं आणि टेबलाशी, कपाटाकडे तोंड करून बसले.

दीडला दिवा हिरवा झाला. मास्तरांनी एकदाच वर पाहिलं. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण तोंडात घास होता. एरवी पाच मिनिटांत उरकणारं जेवण ते चावून चावून, सावकाश जेवत राहिले.

ताट रिकामं झालं. दिवा हिरवाच होता. भूक मुळीच नव्हती, तरी मास्तर उठले आणि आणखी थोडं वाढून घेऊन आले.