हिरव्या नळीखालची विहीर

"आलं रं, आलं! वर सांगा, झरा फुटला!"

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. मष्णू नावाचा माणूस तीस हात खाली घामानं न्हाऊन उभा होता आणि त्याच्या पायांना गार पाणी लागलं होतं. त्या क्षणापर्यंत मी नुसता खड्डा होते. त्या हाकेनं मी विहीर झाले.

मी एक जुनी विहीर आहे. बेळगावच्या कडेला, पिरनवाडीत राहते. राहते म्हणजे काय, अडकून पडले आहे. माझ्या पोटात विटांचे तुकडे आहेत, फुटक्या फरशा आहेत, भिजून दगड झालेली सिमेंटची पोती आहेत. त्या सगळ्याच्या खाली माझे झरे अजून जिवंत आहेत. वर यायला त्यांना वाट तेवढी नाही. माझ्या डोक्यावर पाच मजली नवी इमारत आहे आणि आभाळ म्हणून माझ्या वाट्याला चार बोटं रुंदीची एक नळी. तिच्यातून जे ऐकू येतं, तेवढंच माझं जग.

एके काळी माझ्या काठावर पहाटेपासून बायांची दाटी असायची. निपाणीहून लग्न होऊन आलेली ब्राह्मी तर पाणी शेंदता शेंदता ओवी म्हणायची:

शेंदीते बाई पाणी, दोर ओढिते सावकाश
माझ्या गं घागरीत आलं निपाणीचं आकाश

ते आकाश माझ्यातच असायचं, मित्रांनो. तिला मात्र ते माहेरचं वाटायचं, आणि मीही कधी हक्क सांगितला नाही.

तिच्या जैन घराची एक रीत होती. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा ज्याचं पाणी त्यालाच परत द्यायचे. वरून भिरकावले तर आपटून मरतील, म्हणून ती बारकी बादली दोरानं पार पाण्याला टेकवून हळूच कलती करायची. लेकरू पाळण्यात ठेवावं तसं. माझं इतकं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

वर्षं गेली. ब्राह्मीची ब्राह्मी आक्का झाली. तिच्या घरच्या ज्या शेतात मी होते, त्याच्या चहूबाजूंनी घरं उठली. तिचा मुलगा गोमटेश पाटील इमारती बांधू लागला होता. आपल्याच जमिनीवर मोठी इमारत बांधायची, असं त्यानं ठरवलं, तेव्हा आक्का संमतीचा कागद हातात धरून माझ्या काठावर बसली.

"सही करते म्हनू नगंस, अव्वा, कर," तो आईला म्हणाला.

"करते की. पर इहीर बुजवायची न्हाय. एवढं एकच."

"न्हाय बुजवत. उलट हिच्यामुळं गुण मिळत्यात."

गुण म्हणजे ग्रीन बिल्डिंगचे. उन्हानं तापू नये म्हणून गच्ची पांढरी रंगवली तर गुण, राखेच्या विटा वापरल्या तर गुण, जुनं झाड राखलं तर गुण. जुनी विहीर राखून छपराचं पाणी तिच्यात सोडलं, तर चांगले घसघशीत. सगळे जमले की इमारतीला प्रमाणपत्र आणि दारावर हिरवा फलक. मला किती आनंद झाला होता! आता पन्हाळीतून पाणी येईल, मी तुडुंब होईन, असं वाटलं.

पण पाया खणल्यावर कळलं, की मला राखलं तर इमारतीखालच्या वाहनतळात चार गाड्यांची जागा जाते. आक्का श्रवणबेळगोळला यात्रेला गेली. चार दिवसांची यात्रा. तेवढ्यात राडारोड्यानं भरलेल्या ट्रॉल्या आल्या.

माझं तोंड बंद करायला मष्णूचाच मुलगा भरमा होता. गवंडी. शेवटच्या थराला तो अडून बसला. "अण्णा, इहीर झाकायची तर तिला दम घ्याया नळी ठेवाया लागतीया. आमच्यात असंच करत्यात."

"ठेव बाबा. हिरवा रंग मार म्हंजे झालं," गोमटेश म्हणाला.

वर लोखंडी झाकण बसलं, त्याला कुलूप. नळी जेमतेम कमरेइतकी खाली आली आणि राडारोड्यावर टेकली. आक्का परतली तेव्हा गोमटेशनं तिला तीच नळी दाखवली. "झाकून घेतली, अव्वा. पोरंबाळं पडायला नकोत. नळी पार पाण्यापातूर गेलीया."

आक्कानं विश्वास ठेवला. शेजारच्या बोअरला पाणी माझ्याच झऱ्यांचं. ती ते गाळायची आणि रोज सकाळी फडक्यातले जीव वाटीत घेऊन नळीशी यायची. थेंब खाली येत. सुक्या फरशीच्या तुकड्यावर पडत. मला हात नाहीत, मित्रांनो, नाहीतर मी ते झेलले असते. दोन वर्षं मी ओरडत होते आणि वर पोचत होती ती फक्त थोडी गार हवा.

मग तपासणीचा दिवस उजाडला. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या रूपाली मॅडम आल्या. त्यांनी नळ मोजले, विटा पाहिल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

"झाकण उघडा ना."

"कुलूप गंजलंय, मॅडम. अर्जाला विहिरीचा फोटो जोडलाय की."

"फोटो बुजवण्याआधीचाही असू शकतो, पाटील," त्या हसून म्हणाल्या. "विहिरीचे गुण नाही मिळाले तर तुमचं प्रमाणपत्र अडतंय, माहितीय ना?"

भरमा बाजूला उभा होता. त्याची चप्पल उगीचच फरशीवर घासत होती, ते मला ऐकू आलं. माझा जीव नळीत येऊन बसला. आत्ता कुलूप तुटेल, आत्ता उजेड पडेल! आणि नेमकी त्याच वेळी आक्काची पावलं वाजली.

"बाजूला हो गं पोरी, वाईच."

"वाटीत काय आहे, आजी?"

आक्कानं सांगितलं. सगळं, सावकाश. ऐकून मॅडमचा आवाज मऊ झाला. "रोज सोडता? मग विहीर जिवंतच आहे म्हणायची. यापेक्षा मोठा पुरावा कुठला?" कागदावर पेन टेकल्याचा आवाज आला.

मित्रांनो, माझं एक ऐका. पाणी राखलंय असं कुणी सांगितलं, तर झाकण काढून आत वाकून बघा. पाण्यात तुमचं तोंड दिसलं, तरच खरं माना. माझ्यासारख्या कितीतरी जणी कागदावर तुडुंब भरलेल्या आहेत.

वर वाटी नळीच्या काठाला टेकली. किणकिण झाली.

"अव्वा, थांब. वतू नगंस."

गोमटेशचा आवाज मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. तो बहुतेक खाली बसला असावा.

"का रं? काय झालं?"

"खाली पानी न्हाय, अव्वा. तू यात्रंला गेलतीस तवा मीच इहीर बुजवली. तू सोडतीस ते जीव सुक्या फरशीवर पडत्यात. रोज. आनि मला रोज ठावं हुतं."