शंभर नावं

"साडेपाच टक्के व्याज," लोणच्याचा तुकडा जेवणाच्या काड्यांनी उचलत इवासेबाई म्हणाल्या, "आणि तेही मरेपर्यंत. तुझ्या आत्याची जुनी पॉलिसी म्हणजे सोनं होतं गं, निखळ सोनं. कंपनीच्या घशात अडकलेलं हाडूक. ते तू पहिल्याच महिन्यात काढून दिलंस. शाखाप्रमुख होरिए साहेब उगाच खूश नाहीत तुझ्यावर."

मित्सुएचा घास तोंडातच राहिला.

"आणि नवीचा दर?"

"पावणेदोन. पण दवाखान्याचा खर्च मिळतो की, पाच दिवसांच्या वर राहिली तर." इवासेबाई हसल्या. "अशी बघतेस काय? प्रशिक्षणात सांगितलं होतं ना? मोडली म्हणायचं नाही, नवी करून दिली म्हणायचं."

सांगितलं होतं. मित्सुएने ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवूनही घेतलं होतं. ताकाओकाच्या खिडक्यांच्या कारखान्यातून नवऱ्याला घरी बसवलं, त्यानंतरच्या सोमवारी ती या विमा कंपनीच्या हिमी शाखेत दाखल झाली होती. पहिल्या दिवशी तिच्यासमोर एक कोरा कागद ठेवला होता. शंभर नावं लिहा. नातलग, शेजारीपाजारी, शाळासोबती, केस कापणारी बाई, कुणीही. तिला वाटलं, ही आपली परीक्षा आहे. आपल्यासारख्या साध्या बाईला शंभर माणसं ओळखतात, याचा तिला अभिमानच वाटला. दोन दिवस बसून तिने यादी पुरी केली. सगळ्यात वर योनेआत्या.

आई गेल्यावर मित्सुएला वाढवलं ते या आत्यानेच. मासे वाळवून, गवताच्या काडीत ओवून, दारोदार विकून. येत्या वसंतात आत्या पासष्ट पुरी करणार होती आणि आत्याच्या यजमानांनी वीस वर्षांपूर्वी काढून ठेवलेल्या पॉलिसीचं पेन्शन सुरू होणार होतं. गेल्या आठवड्यात मित्सुएला काम शिकवणाऱ्या इवासेबाई आत्याच्या घरी येऊन तासभर बोलल्या, मित्सुए दारापाशी मान खाली घालून बसून राहिली, आणि आत्याने सही केली. "मित्सुए आलीय ना, मग चांगलंच असणार," एवढंच ती म्हणाली होती.

आज आठवा दिवस. नियम तिच्या वहीतच होता. गिऱ्हाइकाने आठ दिवसांत स्वतःच्या हाताने पोस्टकार्ड लिहून कळवलं, तर सौदा रद्द होऊन जुनी पॉलिसी जशीच्या तशी जिवंत राहते. कार्डावर टपालाचा शिक्का मात्र आठव्या दिवसाचा हवा. टपाल कचेरी पाचला बंद होते.

तिने डबा बंद केला.

"कुठे निघालीस? जेव तरी."

"गिऱ्हाइकाकडे," मित्सुए म्हणाली.

आत्या घरी नव्हती. पंथाच्या संस्थापक गुरूंच्या पुण्यतिथीचा सप्ताह चालू होता, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या मंदिरात. मित्सुए सायकल भिंतीला टेकवून आत शिरली, तेव्हा प्रवचन रंगात आलं होतं. इथलं प्रवचन नुसतं बोलायचं नसतं, गायचं असतं. नोतोकडून आलेले थकलेले प्रवचनकार हलक्या आवाजात गोष्ट सांगत सांगत एकदम सूर उचलत, आणि सूर टिपेला पोचून थांबला की सगळं सभागृह एका श्वासात अमिताभ बुद्धाचं नाम घेई, "नामु आमिदा बुत्सु." मिठागरातल्या एका आंधळ्या बाईची कथा चालली होती. "तो आधी कवेत घेतो," प्रवचनकारांनी आळवलं, "मग विचारतो, बाळ, तू कोण." म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. एरवी मित्सुएच्याही लागल्या असत्या. आज तिला तो गोडवा सोसवेना. नाम जिभेवर येत होतं आणि दातांशी अडत होतं.

तिने सरकत सरकत जाऊन आत्याची बाही ओढली. आत्याने नकारार्थी मान हलवली. कथा अर्ध्यावर सोडून ती आजवर कधी उठली नव्हती.

प्रवचन संपायला पावणेचार झाले. बायका मुळ्याचं गरम सार वाढू लागल्या, तशी मित्सुएने आत्याला चपलांच्या कपाटाजवळ गाठलं आणि सगळं सांगितलं. दर, नवी पॉलिसी, आठवा दिवस, कार्ड.

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"तोट्याचं आहे ते. ती बाई 'दवाखाना, दवाखाना' करायला लागली ना, तेव्हाच कळलं. चाळीस वर्षं मासे विकलेत मी. शिळा माल खपवणारा माणूस असाच ताज्या बर्फाबद्दल बोलतो."

"मग सही का केलीत?"

"तुझं पहिलंच काम. पहिल्यांदाच कामासाठी दारात आलेल्या पोरीला नाही म्हणू? नवरा घरी बसलेला तुझा. मला एकटीला लागतं कितीसं? भात नि दोन मासे."

मित्सुएला वाटलं होतं, आत्या रडेल, रागावेल, शिव्या देईल. तिला तेच हवं होतं. या दयेने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी भीक मागायला आले होते का तुमच्या दारात?" आवाज चढला तशा दोन बायका वळून बघू लागल्या. "बुडायचं होतं तर मला सांगून बुडायचं. मी तिथे मुकाट बसले होते, तुम्हीही मुकाट. आणि ती बाई हसत हसत घेऊन गेली."

"हळू बोल. मंदिर आहे."

"असू दे." मित्सुएने पिशवीतून कोरं पोस्टकार्ड काढलं. "कार्ड लिहा."

"शब्द दिलाय मी. आता मागे फिरले तर तुझी मान खाली जाईल."

"ऐका आत्या. तुम्ही पहिल्या आहात. यादीत तुमच्या मागे नव्व्याण्णव जण आहेत. उद्या मी टोफूवालीकडे जाईन, परवा सेत्सुबाईंकडे. त्याही तुमच्यासारखंच म्हणतील, मित्सुए आलीय ना. एकेकाला असंच नागवीन मी. तुमच्या मायेने मला तेवढं करायला लावू नका."

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली आणि वर्गणी घेणाऱ्या पोरीकडे जाऊन पेन मागून आणलं.

तिचं अक्षर थोराड होतं. अर्ज मागे घेते, एवढं लिहून तिने खाली आणखी एक ओळ घातली, यात माझ्या भाचीचा दोष नाही.

"ते खोडा."

"का?"

"कारण दोष आहे."

आत्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि ती ओळ खोडली.

पाचला दहा कमी असताना कार्डावर शिक्का पडला. बाहेर ओला बर्फ भुरभुरायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी होरिए साहेबांनी तिला बोलावलं. कार्ड मुख्य कचेरीतून फिरून टेबलावर आलं होतं.

"म्हातारीला हे सुचलं कसं?"

"मी सांगितलं."

"बरं." साहेब चिडले नाहीत. तेच जास्त झोंबलं. "महिना-दोन महिने टिकणाऱ्या बायका दरवर्षी येतात, जातात. त्यांच्यावर कंपनी चालत नाही, त्यांच्या ओळखींवर चालते. ओळखपत्र ठेव आणि जा."

"माझी यादी द्या."

"ती कंपनीची आहे. इवासेबाई बघतील पुढचं."

इवासेबाई झेरॉक्सपाशी उभ्या होत्या. यंत्रातून शंभर नावं दुसऱ्यांदा बाहेर येत होती, तिच्याच सुवाच्य अक्षरात. त्यांनी मान वर केली नाही. "मी सख्ख्या बहिणीपासून सुरुवात केली होती," त्या कागदाकडे बघत म्हणाल्या. "अकरा वर्षं बोलत नाही ती. मला वाटलं, तुलाही होईल सवय."

यादी मित्सुएला पाठ होती.

घरी न जाता तिने सायकल काढली आणि टोफूवालीपासून सुरुवात केली. माझं नाव सांगून कुणी आलं तर नाही म्हणा. चहा नको, आत येत नाही, एवढंच सांगायला आले. पुढचं दार. काही जणी हसल्या, एकीने तर, नवीन युक्ती का गं ही, असं तोंडावर विचारलं. मित्सुएने त्याही दारात कमरेपासून वाकून तेच सांगितलं. प्रत्येक दारातून बाहेर पडताना तिचा संताप पुन्हा तेवढाच ताजा असे. कंपनीवर होता तो, होरिएंवर होता, आणि ओळखतात मला म्हणून दोन दिवस फुशारून नावं लिहीत बसलेल्या त्या बाईवर सगळ्यात जास्त होता.

अंधारून येताना ती सेत्सुबाईंच्या दारात पोचली. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई. मित्सुएच्या ताटात त्या नेहमी एक पळी जास्त वाढायच्या.

"अगंबाई, तू. ऐकलं मी, विम्यात लागलीस. कारखान्याचंही कळलं. बाहेर भिजू नकोस, थांब."

"सेत्सुबाई, मी सांगायला आले की..."

पण सेत्सुबाई आत गेल्याही होत्या. कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला. "किती वर्षांची घ्यायची ते तूच ठरव," त्या आतूनच म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत नाही."

त्या बाहेर आल्या तेव्हा डोळ्यांवर चष्मा होता, आणि हातात कापडी पिशवीतून काढलेला, सहीऐवजी उमटवायचा नावाचा शिक्का. कागद कुठे आहे, म्हणून त्या मित्सुएच्या हातांकडे पाहू लागल्या.

"शिक्का आत ठेवा, सेत्सुबाई."

"अगं, पण तू एवढ्या बर्फातून..."

"आत ठेवा. मी इथे उभी आहे. खण बंद केलात की सांगते."

सेत्सुबाई गोंधळून आत गेल्या. मित्सुए दारात उभी राहिली. केसांतून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. खण बंद झाल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.