विना रस्सो

नवऱ्याचं नाव बायकोने घेऊ नये म्हणतात, पण लिहायला कुणाची हरकत नसावी. आमचे हे म्हणजे रामदास, परळच्या गिरणीत फिटर. गिरणीत सूत कातायची नवी यंत्रं इटलीहून आली, ती बसवायला तिकडचाच एक साहेब आला. बुधवारी बोटीवर चढण्याआधी तो यंत्रांवरचा कायमचा माणूस म्हणून एकाचं नाव लिहून देणार होता, ह्यांचं किंवा गिरणीतल्याच दुसऱ्या फिटरचं, दौलतचं. सहा महिने हे झोपेतसुद्धा त्या यंत्रांचंच बोलत होते. मला ते नाव ह्यांचंच हवं होतं.

त्यात साहेबाला आमच्या घरी जेवायची हुक्की आली. स्वयंपाक तोच करणार, इटलीचा, टोमॅटो वगैरे सामानही तोच आणणार. मी फक्त शेगडी पेटवून द्यायची. माझ्या शेगडीवर परका पुरुष, हे मला मुळीच आवडलं नव्हतं. साहेब मोडकं हिंदी बोलायचा, पण खुशीत आला की आपल्या भाषेत शिरायचा. तसाच तो ह्यांना म्हणाला की तुम्ही एकच बघा, 'विनो रोस्सो'. ह्यांनी मान डोलावली. ह्यांची मान फार लवकर डोलते.

घरी येऊन मला म्हणाले, "साहेबाची भाषा आपलीच आसा गो. सुक्याच जेवतलो. विना रस्सो."

मी गिरगावची. ह्यांच्या मालवणात रस्स्याचा रस्सो होतो, तेव्हा इटली तिथून फार लांब नसेल असं मलाही वाटलं. मी निमूट त्याच्या स्वयंपाकाच्या जोडीला सुकट आणि सुकी भाजी ठरवली. शेजारचे नाना तर म्हणाले, हा साहेब मूळचा कुडाळकडचाच असणार.

शनिवारी सकाळी ह्यांचा मित्र कुशाबा आला. तो शिवडीला बोटींवरचा माल उतरवतो. मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीची पोस्टरं चिकटवून आला होता, हाताला खळ तशीच होती. आमचा बेत ऐकून तो पोट धरून हसला.

"अरे, विनो म्हंजे दारू," तो म्हणाला. "रोस्सो म्हंजे लाल. इटलीचे खलाशी तिच्याच नावाने रडत असतात."

बौद्ध धर्म घेताना त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली होती, म्हणून अर्थ तेवढा सांगून तो मोकळा झाला.

दारूबंदीचे दिवस. साहेबाची परवान्यावरची बाटली कधीच संपली होती. सभा-मोर्च्यांमुळे नाक्यावरची पोलिसांची गाडी हलत नव्हती. खाडीकडे चोरून मिळायची ती पांढरी. तीत अळता घालू, असं हे म्हणाले. मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा तो विषय संपला.

शेवटी आम्ही दादरला वैद्यांकडे गेलो. द्राक्षासवात द्राक्षं असतात आणि ते लालसर असतं, एवढं मला बाळंतपणापासून ठाऊक होतं. रोगी मी झाले. भूक लागत नाही म्हणून सांगितलं. वैद्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, भूक ठीक आहे, राग जास्त आहे. तरी त्यांनी तीन बाटल्या पुढे ठेवल्या. द्राक्षासव, लोहासव आणि अशोकारिष्ट. ह्यांनी एकेक बाटली उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, टोमॅटोबरोबर यातलं कुठलं चांगलं लागेल? वैद्य म्हणाले, टोमॅटो बंद. साहेब लोखंडातला माणूस म्हणून ह्यांचं मन लोहासवावर बसलं होतं. मी द्राक्षासव उचललं आणि चालू लागले.

रविवारी दुपारी साहेबाने हातभर लांब शेवया उकडल्या, टोमॅटो-लसूण परतून त्यावर ओतलं. अख्खी चाळ गॅलरीत जमली. वास चांगला होता, हे कबूल करायला हवं. हे बाटली घेऊन पुढे झाले. तिच्यावर 'जेवणानंतर दोन चमचे' असं छापलं होतं, म्हणून मी चमचाही ठेवला. साहेबाने पेलाभर ओतून मोठा घोट घेतला. त्याच्या मिशा वर गेल्या आणि तो बाटली फिरवून फिरवून पाहू लागला.

मग ह्यांनी सगळं सांगून टाकलं, विना रस्सोपासून वैद्यांपर्यंत. साहेब हसता हसता पाटावरून कलंडला. नाना हसले, गॅलरी हसली, मीसुद्धा हसले. पण उठून बसताना साहेबाचं हसू गेलं होतं.

"रामदास, तुम समझा नहीं, फिर भी हां बोला," तो म्हणाला. "मशीन का बात सब समझा?"

मी ह्यांच्या मानेकडे पाहत होते. ती हलायला लागली होती. एक होकार दिला की नाव ह्यांचं. माझा जीव टांगणीला लागला. मान अर्ध्यावर थांबली.

"नाय साहेब," हे म्हणाले. "तीन जगा नहीं समझा."

साहेबाने ताटातली एकेक शेवई उचलून माझ्या लख्ख परातीत मांडली आणि कुठलं सूत कुठून कुठे जातं ते दाखवू लागला. हे पुन्हा पुन्हा विचारत राहिले, तो पुन्हा पुन्हा मांडत राहिला. जेवण गार झालं, परात बरबटली, आणि मला त्याचा जरासुद्धा राग आला नाही.

बुधवारी साहेबाने ह्यांच्या हातात एक इंग्रजी कागद दिला. आठवड्यापूर्वी ह्यांनी तो हसून तसाच खिशात घातला असता.

"इसमें क्या लिखा है, साहेब?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हारा नाम," साहेब म्हणाला.