दुसरं बटण

माणसाच्या जिवाचं मोल करता येत नाही. पाळणे बांधणाऱ्या कंपनीने ते केलं होतं; कोटेशनच्या सतराव्या पानावर, कर वगळून.

करमणूक उद्यानातला काळा डोंगर, म्हणजे अंधारातून सुसाट धावणाऱ्या गाडीचा खेळ, त्या कोटेशनमधून उभा राहिला. पोटात पोलादी सांगाडा, आतबाहेर सिमेंटचे खडक, आणि एकेक खडक हाताने रंगवून जुना केलेला. आत अंधार असल्यामुळे आतले खडक कोणालाच दिसत नसत. दीड मिनिटाच्या किंचाळण्याला एवढा खर्च का, असं कोणी विचारलं की उत्तर एकच : इथे सगळं दोनदा आहे. ब्रेक दोन, कॉम्प्युटर दोन, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. हा नियम संसाराला लावला असता तर जग केव्हाच ठप्प झालं असतं.

बटणंही दोन. फलाटाच्या या टोकाला ऑपरेटर, त्या टोकाला वहिनी. त्या नेमक्या कोणाच्या वहिनी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मध्ये एक जाडजूड खांब, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नसत. आपापल्या बाजूच्या सीटचे पट्टे तपासायचे, माइकवर सांगायचं आणि एकदमच बटण दाबायचं.

"इकडे मोकळं."

"इकडेही मोकळं. दाबा."

गाडी सुटली की पुढची लागेपर्यंत चाळीस सेकंद. ऑपरेटरचा सगळा गोतावळा त्या चाळीस सेकंदांत मावत असे. वहिनींच्या जावेने घर कसं बळकावलं, ही कथा ऐकायला त्याला सहा आठवडे लागले. ऐन रंगात आली की गाडी यायची.

"मग जाऊबाई काय म्हणाल्या?"

"आधी पट्टे बघा. माणसं लोंबकळतील."

घरी त्याच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातला दिवा घालवताना कधीकधी तोंडून "इकडे मोकळं" निघून जायचं. मग तो जरा थांबायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग नवे साहेब आले आणि त्यांनी खर्चाला कात्री लावायला घेतली. दुसऱ्या बटणावर माणूस खरंच हवा का? आठवड्याच्या आत लेखी द्या.

"नीट लिहा हो," वहिनी माइकवर म्हणाल्या. "माझी भाकरी आहे ती."

"तुम्ही गेलात तर जावेचं पुढचं मला कसं कळणार?"

"ती कुठे पळतेय? बसलीय की ऐसपैस, माझ्याच घरात."

ऑपरेटर चार संध्याकाळी लिहीत बसला. 'करमणार नाही' असं ऑफिसच्या कागदावर लिहिता येत नाही. म्हणून त्याने सुरक्षिततेचं लिहिलं. एकट्या माणसाचा काय भरवसा? त्याला शिंक येते, डुलकी लागते, त्याचं घरी बिनसलेलं असतं. इमान राखायचं म्हणून त्याने स्वतःचीही एक चूक लिहिली : एकदा तंद्री लागली, पट्टा उघडाच राहिला, पण पलीकडून होकार यायला उशीर झाला, तेवढ्यात लक्षात आलं म्हणून निभावलं. अकरा मुद्दे झाले. आयुष्यात इतकं झकास त्याने कधी लिहिलं नव्हतं.

साहेबांनी त्याला बोलावून खुर्ची दिली. हे लक्षण काही बरं नव्हतं.

"शब्द न् शब्द पटला. दुसरी नजर हवीच. आणि न शिंकणारी हवी."

"साहेब, मला म्हणायचं होतं की..."

"म्हटलंय की तुम्ही! अकरा वेळा."

महिन्याभरात त्या टोकाला सेन्सर बसला आणि वहिनी पार्किंगच्या फाटकावर गेल्या. फाटक उद्यानाच्या पार दुसऱ्या अंगाला, आणि त्यांची सुट्टी त्याच्या दोन तास आधी. दोन गाड्यांमधले चाळीस सेकंद तेवढेच राहिले. ऑपरेटर ते खांबाकडे बघत काढतो.

सेन्सरची किंमत वहिनींच्या एकवीस वर्षांच्या पगाराएवढी होती. देखभाल वेगळी.