पाचवा नमुना

नानासाहेब डोणगावकर परीक्षक म्हणून पाचोडच्या कॉलेजात आले, की आधी नाक मुरडत. संभाजीनगरात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. खेड्यातली पोरं झाडाला पान असतं एवढं ओळखतात, हेच त्यांना खूप वाटे. समोर आलेला चहा त्यांनी उपकार केल्यासारखा अर्धाच घेतला.

प्रॅक्टिकलला ओळखायला मांडलेल्या नमुन्यांपैकी पाचवा त्यांचा स्वतःचा होता. म्हैसमाळहून आणून आठ वर्षं घरच्या कुंडीत जपलेलं, खडकाला बिलगणारं हिरवंगार मॉस. दर परीक्षेला ते ओल्या फडक्यात गुंडाळून नेत. उत्तर ठरलेलं: मॉस, असंवहनी. अंगात पाणी वर चढवणाऱ्या नळ्याच नाहीत, म्हणून जन्मभर बुटकं, ओल धरून राहणारं. एकतीस जणांनी तसंच लिहिलं होतं. बत्तिसावी मुलगी अपेक्षा. तिनं लिहिलं होतं: सेलाजिनेला, नेच्याच्या नात्यातली, संवहनी.

"गाव कुठलं गं तुझं?"

"थेरगाव, सर."

"तरीच! तिथं हिरवं दिसलं की मेथीच म्हणत असतील."

एम.एस्सी.ला नंबर लागायचा तर तिचा एकही मार्क जाऊन चालणार नव्हता. ते ठाऊक असूनही नानासाहेबांनी तिच्या उत्तरापुढं भलामोठा भोपळा काढला.

"सर, मॉसमंदी नळ्या नसत्यात ना? मंग ह्याच्या खोडाचा मी केलेला काप तरी बघा. जहांआरा मॅडमला विचारूनच फांदी घेतली व्हती."

तिथल्याच प्राध्यापिका असलेल्या जहांआरा मॅडमनी मान डोलावली. पोरीची चांगली जिरवावी म्हणून नानासाहेब सूक्ष्मदर्शकाशी वाकले. आणि वाकलेलेच राहिले. खोडाच्या मधल्या पोकळीत नळ्यांचा जुडगा लालभडक रंगून बारीक धाग्यांवर तोलून उभा होता. मॉसमध्ये असलं काही सापडणं शक्यच नव्हतं.

आठ वर्षं! याआधीही कुणीतरी बरोबर लिहिलं असेल आणि आपण हसत हसत त्याला नापास केलं असेल. त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा संताप मोठा होता, आणि तो नेमका त्या पोरीवरच.

"काही नाही. रंगाची घाण आहे नुसती," असं म्हणत त्यांनी खिशातला रुमाल काढून काचपट्टी पुसून टाकली.

अपेक्षा त्यांच्याकडं बघत राहिली. त्या नजरेत मघापर्यंतचा धाक औषधालाही उरला नव्हता.

"मी चार काप केले व्हते, सर," ती म्हणाली.

मागच्या टेबलावरच्या तीन सूक्ष्मदर्शकांभोवती पोरं कधीच जमली होती. जहांआरा मॅडमनी गुणांचा तक्ता पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"हिचे पूर्ण लिहिते, सर. बाकी एकतीस जणांचं काय करायचं, तेवढं तुम्ही सांगा."